बिनहुंकाराची कथा

१

कथेकरी अण्णारावाचा गळा त्याच्याच रेशमी शेल्यानं आवळलेला होता. ज्या गळ्यासाठी दहा-दहा कोसांवरून माणसं गाड्या जुंपून येत, तो गळा. चाकूरजवळच्या बोरमाळ गावात, चैत्रातल्या एका गुरुवारी सकाळी नऊला हे उघडकीला आलं, आणि सव्वानऊपर्यंत गावानं गुन्हेगारही ठरवून टाकला.

गुन्हेगार ठरली पारूबाई. साठीला टेकलेली, बौद्ध वस्तीतली, अण्णारावाच्या घराचं अंगण रोज झाडणारी. प्रेताजवळ तीच उभी सापडली होती. आदल्या दिवशी तिचं अण्णारावाशी कडाक्याचं भांडण झालेलं होतं. टँकरच्या रांगेत वस्तीच्या घागरी मागं ढकलतात, बुवांचा शब्द गाव मोडत नाही, तर बुवांनी एक शब्द टाकावा, एवढंच तिचं मागणं होतं. बुवांनी तो टाकला नाही.

पण खरा फास आवळला होता तो सिंधु सोनकांबळेच्या वहीनं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चौथं वर्ष चाललं होतं. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी मिळाली, नव्या पाट्या मिळाल्या, साहेब मिळाले. पाऊस काही मिळाला नाही. सिंधु मूळची नांदेड जिल्ह्यातल्या भोकरची. नव्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून आली आणि टंचाई शाखेत अडकली. टँकरबरोबर गावोगाव जायचं, वहीत घरटी एक सही नाहीतर अंगठा घ्यायचा, हे तिचं काम. त्या सकाळी साडेसातला टँकर बोरमाळच्या कोरड्या विहिरीशी थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि गल्लीच्या टोकाकडून अण्णारावाचा आवाज आला. सिंधु पायरीवर तशीच थबकली. लहानपणी भोकरला देवळासमोरच्या रस्त्यापलीकडे आईच्या मांडीवर बसून तिनं तो आवाज ऐकला होता. पलीकडे, कारण देवळाच्या ओट्यावर त्यांना बसू देत नसत. जाड, घोगरा, खालून वर उकळत येणारा तो आवाज अंगावर काटा आणायचा. आजही आणला.

मग आवाज थांबला. पावणेआठला वही उघडली. नऊपर्यंत सगळं गाव टँकरभोवती होतं, पाहुण्यांसकट. एकाच घरापुढची जागा कोरी राहिली, पारूबाईच्या.

"सोपं हाय, बाईसाहेब," चाकूरहून आलेले जमादार साहेबराव म्हणाले. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून ते पान जमवत होते. "साडेसातपर्यंत बुवा जित्ते. तुमीच ऐकलं, गावानं ऐकलं. नवाला मयत. मधल्या वखतात समदे तुमच्यापाशी, एक ही म्हातारी सोडून. चारला जीप येती. प्रेत आन् म्हातारी, दोन्ही नेतो."

सिंधुनं वही छातीशी धरली होती. आपल्या हातानं आखलेल्या रकान्यात एक बाई फासावर चाललीय, हे तिला सहन होईना.

"चारपर्यंत मला चार माणसांशी बोलू द्या," ती म्हणाली.

"बोला की. बोलायला कुठं पानी लागतंय?" जमादार म्हणाले.

२

पारूबाई शाळेच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. दारावर एक शिपाई होता. सिंधु तिच्यापुढं जमिनीवरच बसली.

"मावशी, टँकरवर का नाही आलात?"

"काल घागर लाथाडली माझी. आज म्हनलं, बुवाला पुन्ना इचारावं. झाडून झालं, खिडकीखाली बसले. बुवा आतून कथा घोकून राहिले व्हते. मधी बोललेलं त्यास्नी चालत न्हाई. आवाज थांबला, मी बसूनच राह्यले. बुवा भाईर येईनात. उन्हं वर आली तवा आत गेले." तिनं डोळ्याला पदर लावला नाही. तिची आसवंही दुष्काळानं खाल्ली असावीत. "ह्ये समदं सांगितलं मी जमादाराला. त्यानं लिवलंच न्हाई."

"आणखी काय सांगितलं होतं?"

"आज बुवा येगळेच घोकत व्हते, त्ये. त्येलाबी हसला."

"वेगळे म्हणजे?"

"माय, बारा वर्सं म्या त्या खिडकीखाली झाडते. एकटे असले की बुवा कथा अशी पळवतेत की श्वास घ्यायला जागा न्हाई. आज थांबून थांबून सांगत व्हते. एक वळ म्हनायचे की थांबायचे. मला वाटलं, मारोतीबुवा पुढं बसलेत हुंकार द्यायला. पन हुंकार काही आला न्हाई."

सिंधुनं हातातली वही बाजूला ठेवली.

अण्णारावाच्या कथेची रीत सगळ्या मुलखाला ठाऊक होती. कथेकऱ्यासमोर एक माणूस बसतो. कथेकरी एक ओळ सांगतो, समोरचा खणखणीत "हं" म्हणतो, मगच पुढची ओळ. हा हुंकार. हुंकाराविना कथा सांगायची नसते. सांगितली तर ती ऐकायला मेलेली माणसं येऊन बसतात, असं जुनी माणसं म्हणत. बावीस वर्षं अण्णारावाला हुंकार देत आला तो मारोती.

सकाळी टँकरच्या पायरीवरून सिंधुनं स्वतःच तो आवाज ऐकला होता. त्यात जागा सोडलेल्या होत्या, हे तिला आता नीट आठवलं. त्या जागांमधला "हं" मात्र तिला आठवेना. तो तिनं मनातच भरून घेतला होता. सगळ्या गावानं तसंच केलं असणार. रोजची पिठाची गिरणी ऐकावी तसा गाव तो आवाज ऐकायचा. कान देऊन कुणीच ऐकत नव्हतं, खिडकीखालची म्हातारी सोडून.

एकटा अण्णाराव असा थांबला नसता. समोर कुणी असतं तर हुंकार आला असता.

"मावशी," सिंधु हळूच म्हणाली, "तुम्ही ऐकलेला आवाज बुवांचा नव्हता. तुम्ही खिडकीखाली बसलात तेव्हा बुवा मेलेले होते."

पारूबाई भिंतीपासून पुढं सरकली. मग तिनं विचारलं, "मंग आत कोन सांगत व्हतं?"

३

जमादारांना हे पटायला एक पान आणि अर्धा तांब्या पाणी लागलं. पण पटलं तेव्हा त्यांनी पान थुंकून टाकलं.

"मंजी तुमची वही गेली पान्यात," ते म्हणाले. "साडेसाताच्या आधी कोन कुठं व्हतं, ह्येचा कुनालाच पत्ता न्हाई."

"आणि अण्णारावाचा आवाज कुणाला काढता येतो, हाही प्रश्न आहे."

तशी तीनच माणसं होती. त्या संध्याकाळी गावच्या जत्रेत बुवांची कथा ठरलेली होती, आणि कथा संपल्यावर बुवा आपली गादी कुणाला तरी देणार होते. त्यासाठी तिघं गोळा झाले होते. बुवांच्या घरातच वाढलेला पुतण्या शेषेराव, बुवांच्या कथा भरून विकणारा उदगीरचा कॅसेटवाला रेवणप्पा, आणि हुंकारी मारोती.

शेषेराव तिशीचा, गोरा, रडून डोळे सुजलेले. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून काकाची नक्कल करून टाळ्या घेणारा पोरगा, असा त्याचा लौकिक होता. सिंधुनं त्याला एकच विचारलं.

"काका एकटे असताना कसे घोकायचे? करून दाखवा."

त्यानं जमादारांकडे पाहिलं. मग सुपारी मागून घेतली, डाव्या गालात धरली. "काका सुपारीशिवाय तोंड उघडत नसत. त्या जाड आवाजाचं कारण अर्धं तेच." आणि त्यानं सुरू केलं. सात वेशींची नगरी, साती वेशींना कुलपं, कुलपांच्या किल्ल्या गिळून बसलेली राणी... आवाज हुबेहूब होता, जरा नाकात जायचा इतकंच. पण शब्द एकात एक घुसत, धापा टाकत पळत होते. कुठं बोट घालायला फट नव्हती.

"इतकं भरभर?" सिंधुनं विचारलं.

"लहानपणापासून हेच ऐकत उठलोय, बाईसाहेब. काका म्हणायचे, एकट्यानं थांबायचं न्हाई. थांबलं की समोरची रिकामी जागा दिसती."

रेवणप्पा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊनच आला. हातात ते यंत्र नसलं तर त्याला उघडं वाटत असावं. त्याच्या मराठीला कानडीची ऊब होती.

"आवाज मी काढू काय? माझा गळा म्हणजे फुटकी घागर, अव्वा. मी नुसता पकडतो." त्यानं एक कॅसेट लावली. अण्णारावाची ओळ, मारोतीचा "हं", पुन्हा ओळ. "एकदा म्हणालो, बुवा, पहाटेचं घोकणं पण भरून घेतो. ऐकलं आणि यंत्र गुंडाळलं. असलं पळतंय, कोण विकत घेणार?"

जमादार सिंधुच्या कानाशी आले. "ह्या दोघास्नी ठावं व्हतं, एकटे बुवा थांबत न्हाईत. ह्येंनी सोंग केलं असतं तर पळवत केलं असतं."

"म्हणून मारोतीला आत्ताच बोलावू नका," सिंधु म्हणाली. "तो रात्री कुठं झोपला होता?"

४

कथेच्या आदल्या रात्री हुंकारी गावात झोपत नसे. ही अण्णारावाची कडक रीत होती. वेशीबाहेर महादेवाचं देऊळ होतं, मारोतीचा मुक्काम तिथं. घोकणं हुंकाऱ्याच्या कानावर पडता कामा नये. पुढं काय होणार हे ज्याला आधीच ऐकू आलं, त्याचा "हं" खोटा पडतो, असं बुवा म्हणत. म्हणून बावीस वर्षं मारोतीनं गुरूची कथा ऐकली, पण गुरूचं घोकणं एकदाही ऐकलं नाही.

देवळाची झाडलोट कमलम्मा करायची. वाकलेली, कपाळभर भस्म लावलेली बाई. सिंधुला पाहून तिनं आधी जात विचारली नाही, पाणी आहे का ते विचारलं. दुष्काळानं तेवढी एक सुधारणा केली होती.

"मारोती पहाटे उठून गेला," ती म्हणाली. "तांबडं फुटायच्या आत. लई आनंदात होता. म्हणाला, आज्जी, आज बुवाला माझं ऐकवतो."

"काय ऐकवतो?"

कमलम्मानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं पुरुषभर उंचीचा रांजण मातीत अर्धा गाडलेला होता. दोन वर्षं त्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता. "त्यात डोकं घालून बोलतो. रांजण आटला तेव्हापासून, जेव्हा जेव्हा मुक्कामाला येतो तेव्हा. पहिल्यानं नुसता घुमायचा. मग खोकायचा, रक्त यायचं, मीठपाण्यानं गुळण्या करायचा. पाणी कुठलं, मीच माझ्यातलं द्यायची. मला वाटलं जप करतोय. या शिवरात्रीला मी भ्याले. मारोती आत होता, आणि बाहेर बुवा बोलत होते."

सिंधुनं रांजणात वाकून पाहिलं. आतली हवा शिळी होती. तिनं हलकेच "हं" म्हटलं, तर खालून कुणी दुसऱ्याच जाड गळ्यानं उत्तर दिल्यासारखं झालं. ती झटकन मागं सरली. मग धीर करून पुन्हा वाकली. रांजणाच्या बुडाशी चघळलेल्या सुपारीची खांडं पडली होती, मूठभर.

"मारोती सुपारी खातो?"

"छे. हुंकाऱ्याचं तोंड रिकामं पाहिजे म्हणतो. फक्त रांजणात बोलताना."

बावीस वर्षं एकच अक्षर उच्चारलेला माणूस दोन वर्षं इथं वाकून दुसऱ्याचा गळा आपल्यात उतरवत होता. सिंधुला त्याची कीव आली, आणि भीतीही तितकीच वाटली. घड्याळात साडेतीन वाजले होते. वेशीकडून धुळीचा लोट उठलेला तिला दिसला. जीप लवकर आली होती.

५

मारोती बुटका, पन्नाशीचा, हात जोडलेला माणूस होता. शाळेच्या खोलीत त्याला बसवलं, तेव्हा कोपऱ्यात पारूबाई होती, दारात शेषेराव आणि रेवणप्पा. बाहेर अर्धं गाव जीपभोवती जमलं होतं.

"मारोतीबुवा," सिंधु म्हणाली, "अण्णाराव एकटे असताना कसे घोकायचे?"

"कसे मंजे? जसं कथेत, तसंच. एक वळ म्हनायची, हुंकाराएवढं थांबायचं, फुडची म्हनायची. दुसरं कसं आसंल?"

शेषेरावानं चमकून मान वर केली. रेवणप्पानं मांडीवरचं यंत्र घट्ट धरलं. पारूबाई एकटक मारोतीकडे बघत होती.

"आज सकाळी तसंच घोकलं गेलं. थांबून थांबून," सिंधु म्हणाली. "पण बुवा एकटे कधी थांबत नव्हते. हे बुवांच्या घरी वावरणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तुम्हाला, कारण तुम्हाला ऐकायची बंदी होती."

मारोतीचे जोडलेले हात सुटले.

"मी रांजण पाहून आले. कमलम्मा बोलली. पण मला कळत नाही, इतकी मेहनत कशासाठी? शेवटी नक्कल ती नक्कल. तीच करायची तर शेषेराव बरी करतात."

"त्येचा आवाज नाकात हाय," मारोती म्हणाला.

"असेल. तुमचीही नक्कलच."

"नक्कल न्हाई."

हे दोन शब्द अण्णारावाच्या आवाजात आले.

दारातला शिपाई दोन पावलं मागं गेला. बाहेरच्या गर्दीतून एक बाई किंचाळली, "बुवा आलं गं माय." जमादार साहेबराव खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. समोर तोच बुटका माणूस होता, पण त्याची मान ताठ झाली होती, हनुवटी छातीला टेकली होती, आणि मेलेला माणूस त्याच्या तोंडून बोलत होता.

"बावीस वर्सं म्या त्येला हुंकार दिला. ताप असला तरी दिला. बायकू मेली त्या दिशी दिला. मंग म्हनलं, बुवा, एक डाव उलटं करू. म्या सांगतो, तुमी हुंकार द्या. गादी कुनाला द्यायची त्ये मंग ठरवा." तो थांबला. एक हुंकार बसेल एवढाच. "समदी नगरी सांगितली. साती वेशी. बुवा फुडं बसले व्हते, डोळं मिटून. एक हं म्हनले न्हाईत. एकसुद्दिक न्हाई. शेवटाला म्हनले, नक्कल हाय ही मारोती. माझा गळा आनलास, तुझं काय हाय त्येच्यात? गादी शेषेरावाची. तू हुंकारच दे."

त्याचा आवाज इथं फुटला आणि त्याचा स्वतःचा, बारीक आवाज बाहेर आला. मघाचाच तो आवाज आता सगळ्यांना अनोळखी वाटला.

"शेला त्येंच्याच खांद्यावर व्हता. मंग खिडकीखाली खराटा वाजला. म्हातारी झाडाया आलती. बुवाचा आवाज न्हाई आला तर आत डोकावंल, म्हनून कथा लावली. संपली तसा मागच्या दारानं टँकरवर गेलो."

"ती खाली बसलीय, तिच्यावर नाव येईल, हे कळलं होतं?" सिंधुनं विचारलं.

मारोतीनं पहिल्यांदा पारूबाईकडे पाहिलं. "तिचा इचारच आला न्हाई मनात," तो म्हणाला. त्यात खोटेपणा काही नव्हता, आणि त्याचाच सिंधुला जास्त संताप आला.

६

मारोतीला जीपमध्ये बसवलं. प्रेत मागं ठेवलं होतं, त्यामुळे गुरुशिष्य एकाच गाडीतून निघाले. जमादारांनी पारूबाईला हातानं खूण केली. "जा म्हातारे, सुटलीस. मागल्या गल्लीनं जा, गर्दी हाय."

पारूबाई उठली नाही.

"आनताना तुमी मला चावडीवरनं आनलं," ती म्हणाली. "दंडाला धरून. समद्या गावानं बघितलं. पोरं मागं धावत व्हती. आता मागल्या गल्लीनं का जाऊ?"

"मंग काय वाजंत्री लावू?"

"गावाला सांगा. तुमच्या तोंडानं. म्या न्हाई केलं म्हनून."

जमादार ओशाळून सिंधुकडे बघू लागले. सिंधुनं नजर वळवली नाही. शेवटी ते व्हरांड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, टोपी नीट केली आणि घसा खाकरून म्हणाले की पारूबाईचा या खुनाशी कसलाही संबंध नाही. उलट तिनं ऐकलं म्हणून खुनी सापडला. गावानं ऐकून घेतलं. कुणी जमिनीकडे पाहिलं, कुणी जीपच्या धुळीकडे. सकाळी "हिनंच मारलं" म्हणणाऱ्यांत आवाजाची कमतरता नव्हती. आता कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पारूबाई पायऱ्या उतरली आणि चावडीच्या रस्त्यानं चालू लागली. सिंधु तिच्याबरोबर निघाली. माणसं बाजूला सरकली, सावकाश, एकेक पाऊल. दोघी वस्तीच्या वळणापर्यंत आल्या तरी मागं काही हललं नाही.

वळणावर पारूबाई थांबली. चालून तिला दम लागला होता.

"माय, येक इचारू?" ती म्हणाली. "आज टँकरवर तुझ्या जागी दुसरा कुनी कारकून आसता, तर?"

या बाईला काही तरी बरं सांगावं असं सिंधुला फार वाटत होतं. पण चार वाजून गेले होते, जीपची धूळ अजून चाकूरच्या रस्त्यावर दिसत होती, आणि दुसरा कारकून असता तर त्या जीपमध्ये कोण बसलेलं असतं हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

"तुमच्या घरापर्यंत येते," ती म्हणाली.